सव्विसाव्या माळ्यावरचं पान

—नाही गं, एवढ्यात नाही बोलवत तुला, बस. पहिला दिवस म्हटला की पास बनवायला वेळ लागतोच. फोटो काढणार, आधार कार्ड उलटंपालटं करून बघणार, मग वर फोन लावणार, मग वरून मॅडम इंग्लिशमध्ये काहीतरी बोलणार आणि हा आपला कोंडीराम वॉचमन येस मॅडम, येस मॅडम करणार आणि कळणार काहीच नाही त्याला. बस इथे बाकड्यावर. चहा घे. घे गं, कटिंग तर आहे. तू मघाशी गेटवर सव्विसावा माळा, फॉरेनवाले म्हणालीस ना, ते ऐकलं मी, म्हणून हाक मारली. तिथे आधी मीच होते. सुंदराबाई. माझं नाव वर काढू नकोस हां पण— म्हणजे तसं काही नाही, मीच सोडलं काम, गुडघे गं, दिवसभर ओट्याशी उभं राहायचं म्हणजे. आता बाजारातून जाता-येता इथे जरा टेकते. सहज. तुझं काय नाव? वैशाली. शिवडीची का. बरं झालं, जवळ पडेल तुला.

काम सोपं आहे, वैशाली. माणसं चांगली, ओरडत नाहीत, भांडी मशीन घासतं. एकच सांगते, आणि हे नीट ऐक, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. वर गेलीस की चप्पल काढायच्या आधी हॉलच्या बाल्कनीचं दार बघायचं. काचेचं सरकतं दार आहे. त्याला दोन खिट्ट्या, एक खाली, एक वर. वरची लाव. तुझा हात नाही पुरला तर खुर्ची घे, पण वरची लाव. खालचीवर भरवसा ठेवू नकोस, खालची पोरीला येते. मीच तिला ती— येते तिला, हुशार आहे पोरगी. आणि स्वयंपाकघरात एक लाल स्टूल आहे, ते सामानाच्या माळ्यावर टाक, नाहीतर बाथरूममध्ये उलटं करून ठेव, तिला उचलता येणार नाही असं कुठेतरी. का म्हणजे— वारा असतो गं तिथे. खाली बसून नाही कळायचं तुला वर वारा किती असतो ते.

पोलंडचे आहेत ते. मला कुठे ठाऊक पोलंड, पोरीनेच भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं. साहेब बोगद्याच्या कामावर, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मॅडम घरातूनच काम करते— आतली खोली, दार बंद, कानावर ते मोठे डबे लावलेले, तू ताट आपटलंस तरी ऐकू जायचं नाही तिला. आणि पोरगी. झोशा. मी झोशी म्हणते. सात वर्षांची. गणपतीच्या जरा आधी आले ते इकडे, तेव्हा तोंडातून शब्द नाही फुटायचा तिच्या, नुसती माझ्यामागे ओट्यापाशी उभी. शाळेतून आली की मीच. जेवण मीच, वेणी मीच, पोटात दुखलं तर मीच. आणि दिवाळीपर्यंत बघतेस तर काय, मराठी बोलायला लागली. ती पण आमची मालवणी. मला म्हणते, काय गो सुंदरा, आज काय केलंस? साहेब हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक, पण हसला.

तर नाताळ. त्यांचा पहिलाच नाताळ हा, घर सोडून. तिकडे म्हणे बर्फ असतो, आजी असते, काका-मामा सगळे एका घरात. इथे काय, तर पंखा तीनवर आणि खाली लॉबीत ते प्लास्टिकचं झाड, कापूस चिकटवलेलं. पोरगी जाता-येता त्या झाडाला हात लावायची आणि मग हात हुंगायची. मी म्हटलं काय गो? तर म्हणे, आमच्या झाडाला वास असतो. आणि मॅडम— मॅडम बीट सोलताना रडत होती. कांदा सोलताना रडलं तर समजू शकतो, बीट सोलताना कोण रडतं? त्याच्या आदल्या आठवड्यात तिला फोन आला होता गावाकडून. आजीचा नाही, दुसऱ्या कुणाचा. आजी म्हणजे साहेबांची आई, पोरगी बाबचा म्हणते तिला, ती येणार होती इकडे नाताळला. पोरीने तिच्यासाठी स्वतःच्या पलंगाची अर्धी बाजू रिकामी केली होती, सगळी खेळणी एका बाजूला लावून. आणि मग तो फोन. मॅडम खिडकीशी उभी, पाठ आमच्याकडे, खांदे हलतायत. नंतर पोरीला काहीतरी सांगितलं त्यांच्या भाषेत, पोरीने परत खेळणी पलंगभर पसरली. मी काही विचारलं नाही. आपण कशाला विचारायचं. पण माणसाला दिसतं ना सगळं.

मग म्हणाली, सुंदरा, गवत पाहिजे. मोबाईलवर फोटो दाखवला, सुकं गवत. आता या टॉवरमध्ये कुठून आणू गवत? लालबागला देवळापाशी ती बाई गाय घेऊन बसते ना, लोक पैसे देतात आणि गायीला गवत घालतात, तिच्याकडून दोन पेंढ्या आणल्या आणि आमच्या चाळीच्या गॅलरीत सुकवल्या. लोक विचारतात सुंदराबाई, म्हैस घेतली काय. तर ते गवत तिने टेबलावर पसरलं आणि वरून पांढरी चादर घातली. पांढरीफेक. दिवसभर कुणी जेवलं नाही, साहेबाने सुद्धा नुसता चहा. मटण नाही, चिकन नाही. आणि पदार्थ बारा. मी म्हटलं मॅडम, तीन माणसं, बारा पदार्थ कशाला? तर म्हणाली बाराच लागतात. बीटाचं सार, करंज्यांसारखं एक, आत बटाटा, कोबी, खसखशीची गुंडाळी, मासा— सगळं मिळून बारा.

आता तू सांग. म्हणजे तू नाही सांगू शकणार, तुम्ही बौद्ध ना? तुमच्यात हे पान-बिन ठेवत नाहीत. बरंच आहे, डोक्याला ताप नाही. आमच्यात माणूस गेलं की बाराव्याला, नंतर म्हाळाला, त्याच्या नावाचं पान वाढायचं. वाडी म्हणतो आम्ही. त्याच्या आवडीचं सगळं, आणि गच्चीवर नेऊन ठेवायचं. कावळा शिवला म्हणजे माणूस जेवला, गेला पुढे. नाही शिवला तर त्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग हात जोडून कबूल करायचं, त्याला जे हवंय ते. आमचे हे गेले तेव्हा कावळा पाण्याच्या टाकीवर बसलेला, हलेना. मुलाचं शिक्षण कबूल केलं, बहिणीची साडी कबूल केली, हलेना. शेवटी मी म्हटलं तुमचा रेडिओ विकणार नाही. झटक्यात खाली आला. हसतेस काय, अजून आहे तो रेडिओ, बंद पडलेला. तर गवत, पांढरं कापड, उपास, बारा पदार्थ— माझ्या डोक्यात दुसरं काय येणार? मासा बघून जरा अडखळले, पण आमच्या सासूच्या पानावर आम्ही तिसऱ्या, त्या शिंपल्या, ठेवतोच की, आवडायच्या तिला. आणि मग मी ताटं मांडायला गेले. मॅडमने चार काढलेली. माणसं तीन, ताटं चार. मी एक उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे. ते राहू दे, सुंदरा.

तेव्हा मी मनात म्हटलं, गेली म्हातारी. आणि पोरीला सांगत नाहीयेत.

पुढे ऐक ना, अजून नाही आला तुझा पास. काय सांगत होते— हां, पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नाही असं आहे त्यांच्यात. ती बघायला म्हणून बाल्कनीचं दार उघडलं त्या दिवशी, एरवी बंद असायचं ते, एसी चालू म्हणून. पोरगी कठड्याच्या काचेला नाक लावून उभी. आता मुंबईत कुठली चांदणी, धूर नुसता. शेवटी समोरच्या नव्या टॉवरच्या क्रेनवरचा लाल दिवा लागला तो साहेबाने दाखवला, म्हणाला ही बघ. पोरीला ठाऊक होतं ती क्रेन आहे ते, रोज बघायची. पण आत आली गुपचूप आणि बसली. त्यांनी पापडासारखं काहीतरी पांढरं एकमेकांच्या हातून मोडून खाल्लं, मला पण दिलं, मॅडमने मला मिठीत घेतलं. एवढ्या वर्षांत घरात बाया लावणाऱ्या कुठल्या बाईने मला मिठी मारली नव्हती. मी पण रडले. मला वाटलं आम्ही दोघी त्या म्हातारीसाठीच रडतोय.

जेवण झालं, आवराआवर झाली, आणि मॅडमने ते चौथं ताट उचललं आणि जसंच्या तसं, कोरडं, कपाटात ठेवायला निघाली. मला ते बघवेना गं. ज्याच्या नावाने पान मांडलं त्याला उपाशी पाठवायचं? मी म्हटलं मॅडम, मी ठेवते. आणि ती आत गेल्यावर त्यावर सगळं थोडं थोडं वाढलं, बाराच्या बारा, आणि झाकून फ्रीजमध्ये मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मॅडम आत, मी ते घेऊन बाल्कनीत. कठड्याच्या पलीकडे एसीचा मोठा डबा बसवलाय, त्याच्यावर ठेवायचं. माझा हात पुरतो. मागे वळले तर झोशी उभी. कुणासाठी सुंदरा? आता मी काय सांगायला पाहिजे होतं? चिमण्यांसाठी म्हणायला पाहिजे होतं. तू असतीस तर तू तेच म्हणाली असतीस. पण तिने अशा नजरेने बघितलं ना माझ्याकडे, आणि मला वाटलं सगळे या पोरीशी खोटं बोलतायत, एक तरी माणूस खरं बोलू दे. मी म्हटलं, बाबचासाठी. बाबचा देवाघरी गेली, बाय. रडली नाही. अजिबात नाही. म्हणाली, मग जेवायला कशी येणार? मी म्हटलं कावळा होऊन. म्हणाली, आणि नाही आली तर?

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जसं माझ्या आजीने मला सांगितलं होतं तसं. तेव्हा माझं वय पण तेवढंच होतं, मला कुठे काय झालं?

नाही आला कावळा. येणारच नाही तिथे, कावळा खाली असतो, कचऱ्यापाशी, गच्च्यांवर, झाडावर. सव्विसाव्या माळ्यावर घारी असतात. मला हे आधी सुचलंच नाही बघ, आमची चाळ तीन माळ्यांची, तिथे कावळ्याला कमी नाही. पोरगी माझ्या शेजारी उभी, हात जोडलेले. संध्याकाळी मी ताट आत घेतलं आणि म्हटलं उद्या. उद्या परत. ती म्हणाली मी ठेवणार. स्टुलावर चढून, पोट कठड्यावर टेकवून— मी धरली होती ना तिला. कमरेला दोन्ही हातांनी. मी असताना काही होणार होतं का? ताट ठेवलं आणि आम्ही आत येऊन काचेतून बघत बसलो, आणि आली ती एक घार. सरळ खाली, मासा उचलला आणि गेली. पोरगी नाचायला लागली. सुंदरा आली, बाबचा आली, जेवली. आणि मी— मी म्हटलं नाही बाय, ही घार. ही चालत नाही. कावळाच लागतो.

हो म्हटलं असतं तर? एवढंसं हो. तिथेच संपलं असतं सगळं. पण माझ्या तोंडून निघेना. खोटं शिवलं असं कसं म्हणायचं, मेलेल्या माणसाच्या बाबतीत?

मेलेल्या म्हणजे— तेच तर. त्याच संध्याकाळी फोन आला आणि पडद्यावर म्हातारी. पलंगावर उशांना टेकलेली, पाय प्लास्टरमध्ये, हसतेय. पडली होती, कंबर-पाय मोडला होता, म्हणून विमानात बसता येणार नव्हतं, म्हणून रडली होती मॅडम. एवढंच. आणि ते चौथं ताट म्हणे कुणाच्या नावाचं नसतंच. त्यांच्यात पद्धत आहे, त्या दिवशी अचानक कुणी दारात आलं, ओळखीचं असो नसो, तर उपाशी जाऊ नये म्हणून एक ताट जास्त. साहेबाने सांगितलं मला हे, मॅडम तर बोलण्याच्या स्थितीत नव्हती. कारण पोरगी. म्हातारीने पडद्यावरून झोशा अशी हाक मारली आणि पोरगी जी किंचाळली— टेबलाखाली, त्या पांढऱ्या चादरीच्या आत, डोळे गच्च मिटून. ती गेलेय, ती गेलेय, जेवली नाही म्हणून आलेय, सुंदराने सांगितलं. मराठीत गं. त्यांना कळेना, मला कळत होतं. साहेबाने फोनमध्ये ते भाषांतराचं लावलं आणि तिच्या तोंडाजवळ धरलं. मग त्यांना पण कळलं.

हो, काढलं मला. गुडघ्यांचं तुला उगाच सांगितलं. पण बाल्कनीचं त्यांना ठाऊक नाही, वैशाली. पोरीला काय बोललीस ते विचारलं त्यांनी, ताट कुठे ठेवलंस ते नाही विचारलं. आणि मी नाही सांगितलं. आधीच साहेबाचा चेहरा असा झालेला, त्यात मी म्हणू की तुमच्या पोरीला स्टुलावर चढवून कठड्यावर वाकवली? आणि पोरगी सांगणार नाही. आमच्या दोघींचं गुपित होतं ते, तिने शपथ घेतली होती. मला वाटलं, जाऊ दे, म्हातारी जिवंत दिसली ना, विसरेल. मुलं विसरतात.

नाही विसरली. कशावरून म्हणजे? वर बघ. तिकडे नाही, या बाजूला, क्रेनच्या समोरची बाल्कनी. घारी दिसतात? चार-पाच आहेत. आता दुसऱ्या बाजूला बघ. एक तरी आहे? रोज दुपारी याच वेळेला याच बाल्कनीसमोर फिरतात, माणूस बाहेर आलं की पांगतात. ठेवतंय कुणीतरी तिथे खायला. आणि कालच्या आदल्या दिवशी वरून बशी पडली, खालच्या बागेत, झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याच्या बाजूला येऊन फुटली. सोसायटीने नोटीस लावली, वस्तू फेकू नयेत. अगं फेकली नाही ती. पोचली नाही. हात तेवढा नाही तिचा. मी ते तुकडे बघायला जाणार होते तर कोंडीरामने अडवलं, माझा फोटो लावलाय म्हणे केबिनमध्ये, हिला सोडायचं नाही म्हणून. किती वेळा म्हटलं त्याला, बाबा इंटरकॉम लाव, फक्त बाल्कनी एवढा एक शब्द बोल. लावला त्याने एकदा. तर मॅडम म्हणाली, ती बाई परत दिसली तर पोलिसांना बोलवा. माझा नंबर पण बंद करून टाकलाय तिने. म्हणून इथे बसते. सकाळपासून बसते. नाताळच्या सुट्टीत शाळा बंद, साहेब कामावर, मॅडम दार लावून आत— पोरगी हॉलमध्ये एकटी असते आत्ता. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा. म्हणून तुला बघितलं गेटवर आणि म्हटलं, देव पावला.

आता हे घे. पिशवी. उघड, काही नाही त्यात, गवत आहे. तेच, गायवालीकडचं. कावळा केलाय त्याचा— ही चोच, हे पंख, इथे दोरा बांधलाय. आमच्यात कावळा आलाच नाही तर गवताचा करतात आणि पानाला लावतात, भटजी स्वतः करतो, ते चालतं. एवढा पोरीच्या हातात दे. म्हणावं सुंदराने दिलाय. ताटाला लावायला सांग आणि म्हण शिवला. झालं म्हण. सुटली बाबचा म्हण. मग ती नाही जाणार परत बाल्कनीत. ओढणीत लपवून ने, गेटवर पिशवी तपासतात.

म्हातारी जिवंत आहे ते मला कळतं गं, मी वेडी नाही. पण पोरीच्या डोक्यात ती जिवंत नाहीये ना. आणि खरं सांगू? जिवंत माणसाचं पान मांडलं मी. आमच्याकडे म्हणतात, पान मांडलं की ते रिकामं परत जात नाही, ज्याचं मांडलं तो नसेल तर— जाऊ दे. तू नको ऐकूस ते. तुमच्यात नसतं ते बरंच आहे.

नाही, एवढी घाबरलेय ते त्याच्यामुळे नाही. विचारतेस म्हणून सांगते. घार आली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी हात जोडून उभ्या होतो ना. मी म्हटलं बाय, कबूल कर काहीतरी. बाबचाला काय हवं असेल ते. माझ्या मनात आपलं, खेळणं देईन, नीट जेवीन, असलं काहीतरी म्हणेल. तिने विचार केला. नीट, कपाळाला आठी घालून. मग म्हणाली, बाबचाला मी हवेय. ती फोनवर नेहमी म्हणते, झोशा, कधी येणार माझ्याकडे. आणि हात जोडून, बाहेर बघत, मोठ्याने म्हणाली, येते. आधी त्यांच्या भाषेत म्हणाली आणि मग मला कळावं म्हणून मराठीत. मी येते, बाबचा.

आणि मी म्हटलं, शाब्बास.

शाब्बास म्हटलं गं मी. डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा काय कळलं मला? घरी भात टाकत होते तेव्हा कळलं, आणि हातातलं भांडं तसंच—

—कुठे निघालीस? पास झाला? गेट इकडे आहे, वैशाली. तिकडे कुठे, तिकडे स्टेशन. अगं थांब, चहा तरी— काय म्हणालीस? तुझ्यावर कशाला येईल? तू आत्ता तर जातेयस, तू काय केलंयस? हां, ते खरं. खरं आहे. त्या घरात काही झालं तर आधी कामवालीलाच धरतात, ते मला कोण सांगणार. पण काही होणार नाही ना तू गेलीस तर. तेच तर म्हणतेय मी. होऊ नये म्हणूनच— तुला मुलगी आहे? मग. मुलगी आहे म्हणूनच जाऊ शकत नाहीस, बरं. बरं. मग ही पिशवी नको नेऊस. दे इकडे. मी सांगितलंच नाही काही असं समज, रिकाम्या हाताने जा, एकदा फक्त खिट्टी लाव वरची आणि ये खाली, नको करूस काम, मी एजन्सीला सांगेन तुला बरं नव्हतं. एक खिट्टी गं. वैशाली. बाय माझे, ऐक तरी. मी सगळं कशाला सांगत बसले, नुसतं दार म्हटलं असतं तर गेली असतीस तू, गेली असतीस ना—

गेली.

कोंडीराम. ओ कोंडीराम. त्या बाईला हाक मार, सव्विसाव्या माळ्याची नवीन बाई, ती बघ चालली पुलाकडे. अरे मी आत येत नाहीये, मी रस्त्याच्या या बाजूलाच उभी आहे, बघ. मग तू जा वर. तुला गेट सोडता येत नाही, बरं, मग फोन लाव. बोलव पोलिसांना, माझ्यासाठी बोलव, पण त्यांना आधी वर पाठव. लाव ना. वाजतोय? उचलत नाही कुणी? तिच्या कानावर डबे आहेत रे, तिला नाही ऐकू येणार, वाजत ठेव. घारी कुठे गेल्या सगळ्या एकदम? आत्ता तर होत्या. कोंडीराम, अरे माझ्याकडे काय बघतोस. वर बघ.